ललिताचरित्र : प्रगत गट

५ जानेवारी
लेखन कार्यशाळेत नाव घातलं. मंडळाच्या हॉलमध्ये, दर रविवारी. गट तीन : नवोदित, मध्यम, प्रगत. स्टील प्लांटमधली सर्व्हिस धरून 'प्रगत'वर खूण केली. रोलिंग मिलचे शिफ्ट-रिपोर्ट इतकी वर्षं लिहिले कोणी?
मार्चमध्ये पत्नीचं, ललिताचं, वर्षश्राद्ध. पाहुण्यांसमोर तिचं चरित्र वाचणार. तीनशे पानं. गोंदियाला तिच्या बहिणीला, मैनाबाईला, फोनवर कळवलं. म्हणे, "भाऊजी, तुमी? लग्नातला उखाणाबी तुमच्या कानात लिलीनंच सांगतला होता!" दुर्लक्ष केलं.

१२ जानेवारी
कार्यशाळा घेणाऱ्या चारुलता मॅडमनी विचारलं, आजवर काय लिहिलंत? नमुना ऐकवला : 'शिफ्ट सुरळीत. बिघाड नाही.' मॅडमनी चष्मा काढून पुसला. भारावल्या असाव्यात. नंतर मला मध्यम गटात बसवलं. तिकडे ऊन छान येतं.

१९ जानेवारी
अभ्यास : जवळच्या माणसाचं वर्णन. लिहिलं, 'ललिता मितभाषी होती. तिने कधी आवाज चढवला नाही.' शेजारी देवाजी बसतो. माझ्याच मिलचा, कॅम्प-१ या कामगार वस्तीतला जुना शेजारी. आता कुरुदला राहतो, कविता करतो. वाचून इतका हसला की मॅडमनी त्याला पाणी दिलं. म्हणे, "अबे नरहरी, वहिनीनं हाक मारली का आमी प्लांटचा भोंगा समजून सायकली काढत होतो!"
मत्सर. कवींमध्ये असतो.

२ फेब्रुवारी
आता नवोदित गट. नव्या लोकांना अनुभवी माणूस हवाच. कॉलेजातल्या टीनाने माझं पान वाचून विचारलं, "अंकल, ये कौन-सी देवी हैं?" शैलीची उंची तरुणांनाही कळते.

१६ फेब्रुवारी
तीनशेऐवजी तीस पानं. चांगलं साहित्य आटोपशीर असतं. सून वैभवी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाबा, आई तर मले रोज रागवत होत्या. अन् मंग गुपचूप लाडू आणून देत होत्या. ते कावून नाही लिहिलं?" सांगितलं, थोर चरित्रात लाडू बसत नाहीत. ती पुन्हा लाटू लागली. हल्ली घरात सगळेच गप्प असतात. लेखनाला वातावरण उत्तम.

२ मार्च
चार ओळी. पण भक्कम. मॅडम म्हणाल्या, "यात ललिताताई कुठे आहेत?" पहिल्याच ओळीत नाव आहे. मॅडम घाईत वाचतात.

१२ मार्च, वर्षश्राद्ध
पाहुणे पानावर असतानाच उभा राहिलो. 'ललिता मितभाषी' इथवर पोहोचलो आणि मैनाबाईला खिरीचा ठसका लागला. "भाऊजी, श्राद्ध कोनाचं करून राहिले तुमी?"
मग कोणी थांबेचना. ललिताने मापात मारणाऱ्या भाजीवाल्याला तराजूसकट घरी कसं आणलं होतं, ते निघालं. देवाजीने तिची हाक करून दाखवली. अंगणातलं कुत्रं उठून पळालं. वैभवी हसता हसता रडायला लागली. मी दोनदा म्हटलं, मुद्द्यावर येऊ. कोणाला ऐकूच गेलं नाही.

संध्याकाळी
पाहुणे गेले. कागद खिशात तसाच.
ललिता असती तर एका आवाजात सारा मांडव गार केला असता. "चुप बसा सारे! यायले काई बोलाचं हाये." सगळे माझ्याकडे बघत राहिले असते.
आणि मी 'काही नाही' म्हणून खाली बसलो असतो.