शेरा – बंद

४ मार्च
इस्त्रीवाल्याचं दुकान गेलं! काल होतं. त्याच्या ओट्यावर टेकून मी वहीत आकडे उतरवले, तो म्हणाला, "उन्हाचा सावकाश जा." आज तिथे पत्रे ठोकलेत, पत्र्यांवर हिरवळीचं चित्र. समोरच्या सायकलवाल्याला विचारलं तर मान खाली घालून पंक्चर काढत राहिला. "गेला असेल कुठेतरी." वीस वर्षं समोरासमोर बसले दोघं, आणि याला माहीत नाही? नक्की काहीतरी ठाऊक आहे त्याला.

पाण्याचे एकशे ब्याऐंशी मीटर आहेत माझ्याकडे. दर महिन्याला प्रत्येक घरी जायचं, आकडा वाचायचा. सहा वर्षं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे बाळ झालंय, हे मला मीटरवरून कळायचं. तेव्हा हे शहर माझं होतं. आता पायाखाली सरकतं.

५ मार्च
ऑफिसच्या फळ्यावर नवं परिपत्रक. रिकाम्या घरांविषयी आहे. शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या. कोणी बघत नाही असं पाहून पेन्सिलीने दुरुस्त केल्या. खाली 'वाचले' म्हणून सही केली.

९ मार्च
आज आत्याच्या गल्लीची पाळी. शेवटचं घर तिचं. एकटी असते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मीटर तिच्या मोरीत, म्हणजे आत जावंच लागतं. आणि आत गेलं की पहिला प्रश्न – "राहिलेल्या दहावीचा फॉर्म भरलास का रे, शहाण्या?"

जानेवारीत मी "भरला" म्हणून मोकळा झालो. भरलेला नाही. आता विचारेल पेपर कसे चाललेत.

गल्लीच्या तोंडाशीच वहीत शेरा टाकला – बंद. दाराला कुलूप असलं की असंच लिहितात. पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांचा आकडा एकदम येईल. कुणाचं काय बिघडतंय?

२१ मार्च
नव्या इमारतीचे मीटर आता माझ्याकडे. दारावरचा पहारेकरी मला वरपासून खालपर्यंत बघतो, रोज नवीन माणूस असल्यासारखा. "कोण पाहिजे?" अरे, मीटर पाहिजे! चाळीस घरं. एकोणतीस मीटर हललेच नाहीत. पण संध्याकाळी सगळ्या खिडक्यांत दिवे. माणूस नाही आणि दिवे आहेत – हा काय प्रकार? कुणाला दाखवायला?

८ एप्रिल
आत्याचं घर. आतून खोकल्याचा आवाज आला. दारापर्यंत गेलो होतो. हात वर केला होता.
बंद.

२ मे
आत्याच्या शेजारच्या दोन दारांवर लाल फुल्या, पाडायच्या घरांवर मारतात तशा. तिथली माणसं खरंच गेलीत. पण फुली मारणाऱ्याला कळलं कसं? बाहेरच्याला त्या गल्लीत वळायची वाट सापडत नाही. आतलंच कोणीतरी घरं दाखवतंय.

माझा संशय लांबूवर. आमच्या ऑफिसातला कारकून. मी जवळ गेलो की कागद पालथे करतो. आज म्हणाला, "काय रे, वाळवीसारखा फायलींपाशी काय करतोस?" वाळवी मी? कुंपणच शेत खातंय इथे!

९ मे
आत्या – बंद. या वेळी गल्लीत गेलोही नाही. हॉटेलात चहा पिताना लिहिलं.
या शहरावर जीव होता माझा. आता कुणाच्या तोंडाकडे बघितलं तरी वाटतं, याने आपला सौदा केलाय.

१ जून
आत्याचा फोन. "नळ कोरडा आहे कालपासून. दारावर कुणी कागद चिकटवलाय, लाल फुली काढलीय. मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. तू त्याच खात्यात ना? बघ जरा." मग – "परीक्षा कशी गेली?"

म्हटलं, बरी गेली.

आत्याचं घर पाडणार! ती जिवंत आत असताना! आता मी सोडणार नाही. ज्याने हे केलं त्याचं नाव शोधून काढीन.

२ जून
लांबूला सगळ्यांसमोर विचारलं. आवाज चढला माझा. "घरभेद्या!" म्हणालो.

तो चिडला नाही. हेच वाईट. खण उघडून कागद पुढे टाकला. "परिपत्रक वाचलंस ना? सही आहे तुझी. लागोपाठ तीन महिने बंद – म्हणजे घर रिकामं. नळ तोडायचा, घर पाडायच्या यादीत. मी फक्त तुमच्या वह्यांवरून नावं उतरवतो, बाबा."

मार्च, एप्रिल, मे. बंद, बंद, बंद.

"इतकं वळणदार अक्षर आपल्याकडे दुसऱ्या कुणाचं आहे का?" लांबू म्हणाला. कोणीतरी हसलं.

नंतर त्यानेच मला बाजूला घेतलं. सात दिवसांत नाव काढता येतं. पण मीटर वाचणाऱ्याने स्वतः लिहून द्यायला हवं – घरात माणूस होतं, मी न जाताच शेरा दिला. "पण मग तुझं इथलं काम गेलं म्हणून समज."

घरी येऊन चार वेळा मजकूर लिहिला. चारही वेळा एकही चूक नाही. फाडले.

३ जून
सकाळी पत्र दिलं. पोच घेतली. वही लांबूच्या टेबलावर ठेवली.
तिथून सरळ आत्याकडे. दार वाजवलं.
"वाजवतोस काय?" ती आतून म्हणाली. "उघडंच असतं ते. ढकल."