दादाच्या मापाचा पट्टा

३ जून

चि. भिंगरीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

परिषदेत घालायचा तुझा कोट बेतायला घेतलाय. आमची पोर मेंदूवर भाषण देणार, हे सांगून सांगून मी शिवणवर्गातल्या बायकांचे कान किटवलेत.

दुसरी बातमी. दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, स्वतःचं जुनं रक्तदाबाचं यंत्र मला दिलं. त्याचा पट्टा माझ्या काडीसारख्या दंडावरून घसरायचा. दोन चुण्या घातल्या, टीप मारली, असा चपखल बसवला की दादाही बघत राहिला. रोज मोजते, दाब झकास येतो! म्हणून गोळ्या बंद केल्या. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. सत्तरीत गोळीशिवाय चालणारी दुसरी बाई दाखव बघू!

बाह्यांची लांबी कळव. माया आहेच, ती काय लिहायची?

तुझी आत्या

९ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाह्या राहू देत. आधी तुझ्या डॉक्टरांकडे जाऊन ये, मग पुढे वाच.

गेली नाहीस ना? वाटलंच. अगं, तू कापड आवळलंस, पण आतली हवेची पिशवी बाबांच्याच मापाची राहिली. बारीक दंडाला मोठी पिशवी लावली की दाब आहे त्याहून कमी दिसतो. दुसरीच्या मापावर कपडा बेतला म्हणून वर्गात भल्याभल्यांची खरडपट्टी काढणारी तू!

डोकं दुखत नाही यावर जाऊ नकोस. केसाहून बारीक अशा मेंदूतल्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं वाढलेला दाब गुपचूप सोसतात. त्यांच्या भिंती जाड, ताठ होतात, रक्त पुरेसं पोचत नाही. आपल्याला कळतं तेव्हा चाल मंदावलेली असते, हातातल्या कामाचा क्रम चुकायला लागलेला असतो. नुसत्या नजरेने माप ओळखणारी आत्या मला अजून खूप वर्षं हवी आहे.

तुझ्या मापाचा पट्टा पाठवतेय. रुसू नकोस, लोभ असू दे.

भिंगरी

१ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नव्या पट्ट्याने मोजलं आणि आकडा बघून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. बारीक वाहिन्यांना थोडी इजा झालीय. झालं ते पुसता येणार नाही, पण दाब ताब्यात ठेवला तर पुढचं बरंच टळेल, म्हणाले. आता गोळी चुकवत नाही. मीठ कमी केलंय. दादाला वाटतं, मी त्याच्यावर सूड म्हणून अळणी वाढते.

वर्गातल्या सगळ्यांचा दाब मोजते. आधी दंडाला टेप, मग त्या मापाचा पट्टा; वर्गणी काढून सगळ्या मापांचे घेतलेत. एकीचा तर इतका निघाला की तशीच दवाखान्यात पाठवली.

कोट पाठवलाय. बाह्यांची लांबी तू कळवलीच नाहीस. तुला डोळ्यांपुढे उभी केली आणि कात्री चालवली. चुकलं असेल तर खरं सांग. मला तेच जाणून घ्यायचंय.

आत्या

१४ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

भाषणात तुझ्या चुण्यांची गोष्ट सांगितली. मोठमोठे डॉक्टर पोट धरून हसले आणि मग पट्ट्यांची मापं लिहून घेऊ लागले. नंतर एक वयस्क डॉक्टरीणबाई जवळ आल्या. मला वाटलं, काही शंका असेल. त्यांनी कोट कुणी शिवला, ते विचारलं.

बाही बरोबर मनगटावर येते, आत्या. सूतभरही इकडेतिकडे नाही.

अशीच माया असू दे, आणि गोळी घेत जा.

तुझी भिंगरी