वर्गाला पाठ न दाखवणारी आजी

प्रिय आजी,

काल इथे अमेरिकेतल्या आपल्या श्रूजबरीच्या घरात तुझा फोटो लावला. बाबा खिळा ठोकून म्हणाले, "बघ, कशी सगळ्यांकडे तोंड करून बसलीय!" मी ताडकन उठून बाहेर गेलो. म्हणून हे पत्र.

कारण शेवटी तू भिंतीकडे वळलीस. मी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या रेडमंडहून धावत आलो, हॉस्पिटलमध्ये हाक मारली, आणि तू कूस बदललीस! नर्स म्हणाली, पेशंट असं करतात. करत असतील. पण तू?

फळ्यावर लिहितानासुद्धा वर्गाला पाठ दाखवायची नाही, हे मलायात वाढलेल्या तुला कॉलेजात घोटून शिकवलेलं. मलायातल्या शाळांना मास्तर हवेत म्हणून इंग्रजांनी विलायतेत काढलेलं ते कॉलेज. युद्धात कामगारांसाठी बांधलेल्या बराकी, कोळशाची शेगडी, आणि फळ्याशी तिरक्या उभ्या तुम्ही मुली. मागे बसलेली मॅडम ओरडायची, "खांदा!" नव्वदीला टेकलीस तरी पोळ्या लाटताना तू तिरकीच उभी राहायचीस, आमच्याकडे तोंड करून.

कोर्स चालू असताना लग्न केलं की बोटीत बसवून परत पाठवायचे. तुझी रूममेट तशीच गेली. तू मात्र लग्नाचं विचारणाऱ्या गणिताच्या वर्गातल्या मुलाला "नंतर" म्हणालीस. नंतर कुठे होता गं तो?

आजोबांबरोबर अमेरिकेत आलीस, तर ते मास्तरकीचं सर्टिफिकेट इथे कुणी विचारलंसुद्धा नाही. शाळेच्या कॅफेटेरियात ट्रे पुसत राहिलीस.

मी गर्लफ्रेंडसाठी, रियासाठी, कॉलेज सोडून तिच्याबरोबर रेडमंडला गेलो तेव्हा बाबांनी घर डोक्यावर घेतलं. तू एवढंच विचारलंस, "ती थांबली नसती का रे?"

"यू डोन्ट गेट इट, आजी! तू थांबवलंस ना त्याला? काय मिळालं?"

"ट्रे," तू हसलीस. "पण चकचकीत पुसले हो!"

रेडमंडचा पाऊस थांबायच्या आत रिया मला सोडून गेली. तिचा नंबर अजून डिलीट होत नाही, यार. हे फक्त तुला सांगायचं होतं. रागावली होतीस का? दोन शिव्या तरी घालायच्यास!

जानेवारीत कॉलेज परत जॉइन करतोय. शहाणा झालो म्हणून नाही. तुझ्यावर चिडून. पण या वेळी मध्ये सोडणार नाही, हा माझा शब्द. फोटोतलं तोंड मला पुरत नाही. शेवटचा पेपर दिला की पुन्हा हाक मारीन.

तेव्हा मात्र या कुशीवर वळ.

तुझाच भडकू,
निनाद