पिवळ्या खुर्चीची जागा

शिकागो
१२ फेब्रुवारी, बुधवार दुपार

प्रिय कॉनराड,

ठण्… ठण् ठण्… ठण्. आठवतो का रे तुला तो आवाज? ऑक्टोबरातली पहिली थंडी पडली की तळघरातला बॉयलर पेटायचा आणि वाफ नळ्यांतून वर चढताना तुझ्या खोलीतला रेडिएटर असे ठोके द्यायला लागायचा. तू पाच वर्षांचा असशील. उशी काखेत मारून आमच्या खोलीत आलास आणि विचारलंस, "बाबा, भिंतीत कोण आहे?" मी सांगितलं, भिंतीत एक लोहार राहतो, तो आपल्यासाठी उन्हाचे तुकडे ठोकून ठोकून पातळ करतो, म्हणजे ते हिवाळाभर पुरतील. तुझी आई पांघरुणातूनच ओरडली, "तेओ, पोराला झोपू दे! पहाटे पहाटे कविता नको!" मला मात्र त्या ठोक्यांत नेहमी सिस्टर बोनाव्हेंचरांची पट्टी ऐकू यायची. चौथीत त्या मेजावर पट्टी आपटत आमच्याकडून कविता म्हणवून घ्यायच्या, आणि वर्गातला रेडिएटर हटकून एक ठोका उशिरा द्यायचा. सगळा वर्ग रेडिएटरच्या तालात वाहवत जायचा आणि मार मला बसायचा, कारण माझा आवाज सगळ्यांत मोठा. त्यातली एक कविता बर्फावर होती. बर्फ घरोघरी पत्ता विचारत हिंडतो, अशी काहीशी. पहिल्या दोन ओळी येतात, तिसरीला अडखळतो. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती तिसरी ओळ सापडेल असं वाटत नाही.

तुझा तक्ता पोचला. तीन पानं, रंगीत, पाच शहरं. विमा कंपनीत तुला का मानतात ते कळलं. सवयीने लाल पेन्सिल घेऊन बसलो, पण चूक सापडली नाही. न्यूयॉर्कला आपल्या घराएवढ्या जागेचं भाडं वाचून पेन्सिल खाली ठेवली. सॅन फ्रान्सिस्कोत तेवढ्याच पैशात न्हाणीघर मिळतं, पण मोरीला खिडकी असते, असं तू शेजारी लिहिलं आहेस. हा विनोद सूनबाईचा, डेनिसचा असणार. फिनिक्स स्वस्त आहे, पण तिथे उन्हाळ्यात दाराची मूठ धरवत नाही. मग राहिलं ह्यूस्टन, त्या रकान्याला तू हिरवा रंग दिलास. तळमजला, दोन खोल्या, आवारात पोहण्याचा तलाव, तुझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटं, अकराशे चाळीस डॉलर. आणि इथे, नव्या मालकाच्या पत्राप्रमाणे, मे महिन्यापासून बाराशे ऐंशीचे सोळाशे नव्वद. तू म्हणतोस तसं, हिशेबाला बुद्धी लागत नाही. फक्त एक बारीक गोष्ट: इथे ऊब भाड्यात येते, तिथे गारवा विकत घ्यावा लागतो. ती रांग तू घातली नाहीस. पण ती घातली तरी ह्यूस्टनच जिंकेल, मी करून पाहिलं.

शेवटून दुसरी रांग "जगण्याचा दर्जा". शिकागोला सहा पूर्णांक एक, ह्यूस्टनला सात पूर्णांक चार. मी चाळीस वर्षं पोरांना गुण दिले आहेत, राजा. गुण कसे पडतात ते मला ठाऊक आहे. जेवणानंतर तपासलेल्या वह्यांना जरा जास्त पडतात. पण वाद घालायला बळ नाही. मालकाचा कागद मेजावर आहे, खाली दोन चौकोन: "राहणार", "सोडणार". एकात खूण करून अठ्ठावीस तारखेच्या आत पाठवायचा. डेनिसने तिकडची जागाही तेवढ्याच दिवसांसाठी धरून ठेवली आहे, हे मी विसरलेलो नाही. दर रविवारी तू फोनवर विचारतोस, "बाबा, ठरलं का?" आणि मी हवेबद्दल बोलतो.

आता हवेबद्दल नाही, खरं ते लिहितो. या घराला शेहेचाळीस पायऱ्या आहेत. तू त्या दोन-दोन करून चढायचास. मी आता सामान दोन खेपांत आणतो आणि मधल्या मजल्याच्या वळणावर पिशवी मांडीवर घेऊन बसतो. तिथे बसलं की सगळं घर ऐकू येतं. पूर्वी त्या मजल्यावरच्या मिसेस कुपचिकच्या स्वयंपाकघरातून तिचं नवऱ्यावर ओरडणं यायचं, "ऐकतोयस का? नाही ऐकत ना? मग ऐक!" ती मुलीकडे मिशिगनला गेली. तिच्या जागी जानेवारीत कोणीतरी नवीन आलंय. पावलं वाजतात, दार वाजतं, माणूस दिसत नाही. कोपऱ्यावरची बेकरी, जिथून तुझी आई रविवारी खसखशीचे रोल आणायची, तिथे आता कुत्र्यांना आंघोळ घालतात. काचेतून पाहिलं तर कुत्रेही माझ्यासारखेच कंटाळलेले दिसतात.

खाली युसेबिओ आहे अजून. बसचालक म्हणून निवृत्त झाला तरी पहाटे चारला उठतो. पण आम्ही बोलत नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुझी आई गेली त्या वर्षीच्या डिसेंबरात तो दरवर्षीप्रमाणे तामालेची परात घेऊन वर आला. मक्याच्या सालीत बांधलेले, गरम गरम. मी तेव्हा माझा नव्हतो. तोंडातून निघून गेलं, "इरेना म्हणायची, तुझे तामाले जरा कोरडे होतात." त्याने परात ठेवली, टोपी घातली, खाली गेला. त्याच्या बायकोची पद्धत होती ती, आणि तीही जाऊन सहा वर्षं झालेली. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो तर तो रेलिंगकडे बघतो, मी पायरीकडे. दोन हिवाळे झाले. मी पोरांना माफी मागायला शिकवलं, कॉनराड. वर्गासमोर उभं करून शिकवलं.

तुझ्या तक्त्यातली शेवटची रांग "गाडी लावायची सोय". शिकागोपुढे तू नुसतं "वाईट" लिहिलंस. बाकी सगळीकडे आकडे, तिथेच शब्द. का ते मला कळलं. दोन वर्षांपूर्वी, आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तू विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन आलास. सकाळपासून बर्फ पडलेला. मी बीटाचं सूप केलं होतं, तिच्या वहीत बघून. तू पंचेचाळीस मिनिटं गल्ल्यांतून फिरत राहिलास. मी खिडकीतून तुझी गाडी तीनदा जाताना पाहिली. चौथ्यांदा ती आलीच नाही. चार गल्ल्या पलीकडे लावून तू भिजलेल्या बुटांनी वर आलास, सूप गार झालेलं, आणि म्हणालास, "बाबा, कोण राहतं हो या शहरात?" रागावून नव्हे, थकून. पण दुसऱ्या दिवशी जायचं होतं, ते तू त्याच संध्याकाळी गेलास. त्यानंतर आला नाहीस. दोष देत नाही, कामं असतात.

आपल्या गल्लीचा रिवाज तुला माहीत आहे. जो बर्फ उपसेल त्याची जागा. उपसून झालं की मध्ये एखादी मोडकी खुर्ची, इस्त्रीचा फळा, काहीही ठेवायचं. त्याला कोणी हात लावत नाही. तू लहान असताना त्या वस्तूंकडे बघून विचारायचास, "बाबा, हे सगळे बसची वाट बघतायत का?" तर ऐक, आणि हसू नकोस. गाडी मी विकली त्याला तीन वर्षं झाली. पण तू गेलास त्या दिवसापासून, दर मोठ्या बर्फानंतर, मी खाली जाऊन आपल्या दारासमोर एका गाडीपुरती जागा उपसतो आणि मधोमध तुझ्या आईची स्वयंपाकघरातली पिवळी खुर्ची ठेवतो. तीच, जिचा मागचा पाय डुगडुगतो आणि "या रविवारी नक्की बसवतो" असं मी तिला अकरा वर्षं सांगितलं. डॉक्टरांनी फावड्याला हात लावू नका म्हणून बजावलं आहे, म्हणून मी लहान फावडं वापरतो. एकानेही विचारलं नाही की म्हाताऱ्या, तुझ्याकडे गाडी कुठे आहे. बर्फ वितळेपर्यंत जागा रिकामी राहायची, खुर्ची राहायची, मग मी ती वर आणून पुसून ठेवायचो.

आता हे पत्र का लिहितोय ते. गेल्या शुक्रवारी गुडघाभर बर्फ पडला. तीन खेपांत उपसला, दर खेपेला जिन्यात बसलो. खुर्ची ठेवली. सोमवारी सकाळी पडदा सारला तर खुर्ची नाही, आणि त्या जागेवर एक छोटी निळी गाडी. गाडीला टेक्सासची, तुझ्या राज्याची नंबरप्लेट. पुढचं विचार न करता झालं. कोट नाही, टोपी नाही, पायात घरातल्या सपाता, शेहेचाळीस पायऱ्या कशा उतरलो देव जाणे. वाटलं, पोरगा रात्रभर गाडी चालवत आला आणि दमून आतच झोपला असेल. काच पुसून आत पाहिलं. मागच्या सीटवर खोकी होती, एक कुंडी होती. तू नव्हतास. वर यायला अर्धा तास लागला. आल्यावर पुढच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, तो अजून ओढलेलाच आहे. या गल्लीत आता आईची खुर्ची कोणी उचलून नेतं आणि कोणाला काही वाटत नाही, याचं वाईट वाटलं, पण खरी गोष्ट ती नव्हे. खरी ही की इतकी वर्षं मी तुझ्याशी भाड्यावरून, लोहारावरून, मिशिगन तळ्याच्या वाऱ्यावरून वाद घालत होतो, आणि करत काय होतो, तर खिडकीतून खाली बघत होतो. तेवढ्यासाठी सोळाशे नव्वद कशाला? तेव्हा आज सकाळी "सोडणार"वर खूण केली, शाईने. डेनिसला सांग, तळमजला चालेल. तलावाचं मला काही नाही, पण काठावर बसेन. रविवारी फोन करू नकोस, तू विचारलंस तर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहून पाठवतो आहे.

तुझाच, थकलेला,
बाबा

ता. क. पाकिटावर पत्ता घालत होतो तेवढ्यात दार वाजलं. माझं दार कोण वाजवणार? उघडलं तर एक तरुण मुलगी, अंगात दवाखान्याचा निळा पोशाख, डोक्यावर लोकरी टोपी, आणि दोन्ही हातांत आपली पिवळी खुर्ची. धापा टाकत म्हणाली, "आजोबा, आधी माफ करा, मग ओरडा. ही तुमची ना?" मधल्या मजल्यावर आली आहे ती हीच. डेल्फिन नाव. ह्यूस्टनची. तू ज्याला हिरवा रंग दिलास तिथून इकडे. "आमच्याकडे रस्त्यात खुर्ची ठेवली म्हणजे घेऊन जा असा अर्थ होतो हो! मला वाटलं, किती छान शहर, जागाही उपसून ठेवली आणि वर खुर्ची फुकट. घरात बसायला काही नव्हतं, दोन दिवस हिच्यावरच बसून जेवले. आणि आज सकाळी बघते तर माझी गाडी काचेच्या बरणीत! चारी बाजूंनी बर्फ, दार उघडेना, कुलूप दिसेना. कामावर रेल्वेने गेले. खालचे काका दारात उभे राहून मजेत कॉफी पीत होते. म्हटलं, काका, हे काय झालं? तर म्हणतात, 'बाई, शिकागोत पाऊस असाच पडतो, एकाच गाडीवर.'"

मी चौकट धरली. बादल्यांनी पाणी ओतायचं आणि थंडीवर सोडून द्यायचं, ही इथली जुनी शिक्षा. पाय दुखतात म्हणून युसेबिओ पायरीवर बर्फ वितळायचं मीठही पोराकडून टाकून घेतो. किती बादल्या वाहिल्या असतील त्याने? ती सांगतच होती, "मग म्हणाले, खुर्ची वर मास्तरांना नेऊन दे. ती त्यांच्या मुलाची जागा आहे, तो टेक्सासहून यायचाय. सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणे, तुलाच कसं नाही? आजोबा, मला खरंच नव्हतं माहीत. हां, आणि हिचा मागचा पाय डुगडुगत होता, तो मी स्क्रू मारून बसवलाय."

ती आता आत बसली आहे, खुर्चीवर नाही, रेडिएटरला पाठ टेकून जमिनीवर. खुर्ची दारातच उभी आहे, चारी पायांवर, सरळ. आणि जिन्यातून, दोन वर्षांनी, तो घोगरा आवाज वर येतोय: "मास्तर! खुर्ची पोचली का? नसेल पोचली तर सांगा, माझ्याकडे अजून बादल्या आहेत!"

जिन्यापर्यंत जाऊन येतो. पाकीट अजून उघडंच आहे, आणि मालकाचा कागदही मेजावरच.