त्या रविवारची कोरी ओळ

बा, तुला समुद्र दाखवायचा राहिला. मी शिकवतो ती शाळा बंदराच्या गावातली, आणि आपल्या सूर्यमाळच्या पाड्यावरून इथवर यायला तुला दोनदा एसटी बदलावी लागली असती. घाटात तुला मळमळायचं, म्हणून तू कधी आलाच नाहीस. दर रविवारी मी इथे काय करतो ते सुट्टीत सांगितलं तेव्हा तू हसला होतास. ओहोटीला बंदरापासून खाडीच्या तोंडापर्यंत चालायचं आणि वाळूवर काय लागलंय ते वहीत लिहायचं. डांबराचे गोळे, तुटकी जाळी, एखादं मेलेलं कासव. पगार नाही, काही नाही. इथल्या कॉलेजातल्या एका सरांनी आम्हा पाच-सहा जणांना या कामाला जुंपलं होतं. "म्हंजे दर्याची राखन," तू म्हणालास, आणि पाडाभर तेच सांगत सुटलास.

राखण मी तुझ्याकडूनच शिकलो, तीही स्वतःची शोभा करून. अकरावीची उन्हाळी सुट्टी, पाड्याची विहीर तळाला गेलेली. सकाळी दोर सोडून किती हात पाणी आहे ते बघायचं काम तुझं. तू सांगशील तेव्हाच बायका हंडे घेऊन उतार उतरणार. त्या दिवशी तू मला पाठवतोस. मी अर्ध्या वाटेवर करवंदांच्या जाळीपाशी थांबतो, पोटभर खातो आणि परत येऊन बेधडक तीन हात पाणी सांगतो. बायका उतरतात, नुसता चिखल बघतात आणि रिकामे हंडे घेऊन चढ चढून येतात. काकीला सातवा महिना होता. ती वाटेतल्या दगडावर बसली ती किती तरी वेळ उठलीच नाही. तू मला मारलं नाहीस. दोर हातात दिलास आणि म्हणालास, "डोल्यांनी बघला नाय ता सांगू नको." सुट्टी संपेपर्यंत मग मीच विहिरीवर जात राहिलो. काकीसमोर मान वर करायची मला फार लाज वाटायची, अजूनही वाटते.

तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, बा बोलत नाही, लगेच निघ. रविवारी सकाळी पिशवी भरून मी स्टँडवर गेलो. आपल्याकडे जाणारी जव्हारची गाडी लागली, मी बाकावर बसून राहिलो. ती गेली. दुसरी लागली, तीही गेली. मग घरी आलो, जेवलो आणि झोपलो. रडू आलं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे होते. सोमवारी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तुझ्या तोंडात शेवटचं पाणी थोरल्या भावाने घातलं होतं. उशीर का झाला, त्याने विचारलं. मी म्हणालो, किनाऱ्यावर फेरीला गेलो होतो, निरोप उशिरा मिळाला. त्याने लगेच विश्वास ठेवला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तुझेच शब्द ऐकवत होता, दर्याची राखण करीत होता म्हणून.

वहीत मात्र त्या रविवारची ओळ कोरी आहे. सर म्हणाले होते, लिहून टाक काही तरी, एका रविवारने काय होतंय. मी तारीख घातली, पेन टेकवलं आणि पुढे लिहिता आलं नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. ते काम केव्हाच बंद पडलं, वह्या माझ्या कपाटात आहेत. उद्या थोरला पहिल्यांदाच इथे येतोय. परवा फोनवर म्हणाला, "त्या दिसाची वही दाव मना. बा जात व्हता तवा तू काय बघत व्हतास, ता बघू दे."

दुपारपासून वही समोर उघडी आहे. तसलंच निळं पेन घरात आहे, एक ओळ लिहायला मिनिट लागणार नाही. ते सोडून मी हे तुला लिहीत बसलोय, जे उद्या वहीखाली दडपून ठेवीन. ओळ आहे तशी कोरीच दाखवणार आहे. मग तो विचारेल, दर्यावर नव्हतास तर कुठे होतास, आणि ते सांगायला तोंड उघडेल की नाही, मला माहीत नाही. तुला सांगतो. मी स्टँडवर होतो, बा. डोळ्यांनी बघितलं नाही तर तू गेलास असं मला कुणाला सांगावं लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं.