बावीस मार्चचे पावणेदोन तास

१७ मार्च, गुरुवार. उदगीर
वारा वायव्येचा, सकाळपासून धूळ. वर आधी 'बुधवार' लिहिलं होतं, एक रेघ मारून गुरुवार केलं. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे, ही बोर्डिंगातल्या सिस्टरांची शिस्त. शिवू म्हणते, तिच्या लॉगबुकातही हाच नियम. शाईनेच लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ आणि सही. एवढ्यापुरतं वैमानिकांबद्दल माझं मत बरं आहे.
शि. पहाटेच्या एसटीने लातूरच्या धावपट्टीवर. विमान एकच, आणि धुळीमुळे एकच फेरी. तिचे उडण्याचे १८४ तास झाले. दोनशे भरल्याशिवाय कमर्शियल लायसन्स नाही. लेखी पेपरांची मुदत जूनअखेर संपते, मग सगळे पेपर पुन्हा. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ बसू, आज पुन्हा म्हणाला, "अक्का, पोरीला बँकेत चिकटव." त्याची आडत यंदा रिकामी. फी माझ्या पेन्शनीतून जाते, त्यामुळे त्याच्या मताला मी किंमत देत नाही.

२२ मार्च, मंगळवार
नवा जिल्हा पाहिजे म्हणून बंद. रस्त्यावर टायर जाळले, एकही एसटी सुटली नाही. जिल्हा झाला की कलेक्टर येईल. तो आंघोळ कशाने करणार, हे कुणी सांगत नाही.
शि. दिवसभर माझ्यासोबत टँकरच्या रांगेत, उपड्या घागरीवर बसून हवामानाचं पुस्तक वाचत. शेजारची महानंदा म्हणाली, "पायलटबाई, वर जाऊन ढग तरी ढकलून आणा की वो." शि. हसली नाही. टँकर पाचला. चार घागरी.

२८ मार्च, सोमवार
वारा पडलेला. शि. म्हणते, शेवटच्या तासांना क्लब सवलत देतोय, निम्मा दर. म्हटलं, कुणाला तरी लाज वाटली म्हणायची. तिने लगेच पोहे करायला घेतले. तिला पोहे आवडत नाहीत, मला आवडतात.

३ एप्रिल, रविवार
लॉगबुकाची शिवण सुटली, म्हणून शि. ने माझ्याकडे दिलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत मुलींच्या वह्यांना खाकी कव्हरं घातली, हात आपोआप चालतो. पान उलटलं. २२ मार्च, लातूर ते लातूर, पावणेदोन तास. खाली इन्स्ट्रक्टरची सही.
ही वही काढून पाहिली. घागर, टँकर, ढग.
कव्हर अर्धवट राहिलं.

४ एप्रिल, सोमवार
विचारलं. आधी म्हणाली, तारीख चुकली असेल. मी ही वही पुढे ठेवली.
"पेनाचे तास म्हणतात त्याला, आत्या. सगळेच घेतात. विमान उडत नाही, सही मिळते, म्हणून निम्मे पैसे."
"किती?"
"चार नोंदी. सात तास."
मला एकच सापडली होती. बाकीच्या तीन तिने आपण होऊन सांगितल्या. हे लिहून ठेवते, कारण रागात विसरेन. आज १९८ लिहिलेत, उडालेले १९१.
जेवले नाही. तीही नाही.

६ एप्रिल, बुधवार
लातूरला स्वतः गेले. क्लब म्हणजे पत्र्याची शेड आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. सही करणारे कॅप्टनसाहेब पंचेचाळिशीचे, शर्टाची इस्त्री चोख.
"मॅडम, पेट्रोल जळत नाही, म्हणून निम्मे."
"आणि शिकणंही होत नाही, म्हणून निम्मे?"
"सगळेच करून राहिले. तुमच्याच मुलीचा खर्च वाचवला."
मी म्हटलं, या चार नोंदींवर रेघ मारली जाईल. तो शांतपणे म्हणाला, "मारा. परीक्षक विचारतील, ती आमचं नाव घेईल. मग आमचं विमान तिला मिळणार नाही. दुसरीकडे दर दुप्पट, नंबर लागायला चार महिने." त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. लातुरात सध्या पाणी देणं म्हणजे मोठा मान. मी प्यायले नाही.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा
गुढी उभारली. तांब्या घासायलाही पाणी मोजून. बसू जेवायला आला. त्याला सगळं कळलंय.
"अक्का, तुझ्या वहीतलं एक पान फाड. कोण बघून राहिलंय?"
म्हटलं, पान फाडून ती त्या दिवशी उडाली असं होतं का? "रविवारी तिला एकटीनं विमान घेऊन लांब जायचंय," तो म्हणाला, "आत्ता गडबड नको करू." नेहमी बँक बँक करणारा माणूस. पोरीसाठी पहिल्यांदाच भांडत होता, आणि तेही यासाठी.
शि. स्वयंपाकघराच्या दारात उभी. बसू गेल्यावर म्हणाली, "धुळीत उतरताना मला भीती वाटते, आत्या. ते सात तास खरे असते, तर कमी वाटली असती."
फूटपट्टी, पेन आणि लॉगबुक टेबलावर ठेवलं आणि झोपायला गेले. रेघ माझ्या हाताने मारणार नाही. सही तिची लागते.

९ एप्रिल, शनिवार
तिन्ही वस्तू जशाच्या तशा. शि. दिवसभर नकाशा घेऊन बसली. माझी जीभ चावून चावून दुखते.

१० एप्रिल, रविवार
वारा वायव्येचा, जोराचा. उजाडताना दूरचं काही दिसत नव्हतं, नऊनंतर जरा निवळलं. शि. पाचच्या एसटीने गेली. भाकरी नेली नाही. लॉगबुक नेलं, त्यावरचं कव्हर पूर्ण केलेलं, कोपरे माझ्यासारखे दुमडलेले. टेबलावर पेन आहे, तिचं तिच्या खिशात असतंच. फूटपट्टी नाही.
बारा वाजले. फोन बंद. वर असली की बंदच ठेवते. रेघ मारली म्हणून क्लबने फाटकाबाहेर काढलं असेल तरी बंदच ठेवील, ओळखते तिला.
टँकर आला. तिची घागर मीच भरली.