हुंकाराचा तास

श्रीमत् सकलविद्यार्थिभयंकर, समासविग्रहधुरंधर, खडूधूलिधूसर, इंग्रजी पाचव्या इयत्तेचे अनभिषिक्त चक्रवर्ती, वाल्मीक गेणबा ढमाले, धंदा साहित्याध्यापन, राहणार पौड, पेटा मुळशी, बुद्धी ठिकाणावर असता व कोणाचेही दडपण नसता लिहून ठेवतात ते येणेप्रमाणे :

१. डॉक्टरांनी माझे हृदय ऐकून मान हलविली. मृत्यूची चिंता नाही. माझ्यामागे मंगळवारचा तास बंद पडेल, या धास्तीने मात्र चित्त एके जागी ठरत नाही.

२. त्या तासाची उत्पत्ती अशी. गतवर्षी धुळाजी धनगरास बिरोबाची कथा गाण्यास वर्गात पाचारण केले. हेडमास्तरांनी आज्ञा सोडली, "निःशब्द बसा!" मुले पाषाणवत् बसली. धनगरांच्या कथेस श्रोत्याने हुंकार द्यावा लागतो; न देणे हा गाणाऱ्याचा अपमान. धुळाजी मध्येच थांबला.

"मास्तर, ही पोरं जित्ती हायेत न्हवं? कुनी हूं बी म्हनंना. माजं काय चुकलं?"

करुणरसाचे लक्षण वर्गास मुखोद्गत होते; समोरचा मनुष्य रडवेला झाला आहे, हे कोणास उमगेना. अखेर मागच्या बाकावरचा बहिरू चाचरत "हूं" म्हणाला. याच्याच बापाच्या शेतात धुळाजीची मेंढरे दरसाल खतासाठी बसतात.

"आरं, ह्यो एक जित्ता हाय!" म्हणून धुळाजीने कथा पुढे नेली.

तेव्हापासून दर मंगळवारी कोणा परक्याची कथा वाचली जाते आणि वर्ग हुंकार देतो. बहिरू सायंकाळी मेंढरांच्या वाड्यावर जाऊन बसतो. त्याचे तीर्थरूप मजवर रुष्ट आहेत. रुष्टच राहोत.

३. घर पत्नी सगुणाबाई हिचे. विद्यालयाने तास बंद केल्यास तो आमच्या ओसरीवर भरावा. तिची शर्त : "भरवा की. पन च्या मी करनार न्हाई." मान्य.

४. ग्रंथ बहिरूस; मॅट्रिक होताच तास त्याने चालवावा. नापास झाल्यास त्वरित चालवावा.

५. खुर्ची धुळाजीस. तो तिच्याशेजारी भुईवर बसेल, बसो.

६. हेडमास्तरांस माझी छडी, निःशब्दतेच्या संवर्धनार्थ.

वाचून, पुन्हा वाचून, खाडाखोड न करता सही केली.

वाल्मीक गेणबा ढमाले
मुक्काम पौड, ता. ९ नोव्हेंबर १९२६

आम्हा दोघांसमक्ष :
भैरू मारणे, विद्यालयाचा शिपाई (अंगठा)
कोंडाजी शेडगे, गणितशिक्षक (सही)

शेरा : याच कोंडाजीरावांनी मुलीच्या साखरपुड्यास नेलेली आमची सतरंजी परत आलेली नाही. विचारावे तर म्हणतात, "धुवायला टाकलीय, मास्तर." येत्या मंगळवारी मुलांनी बसावे कशावर?